दोन डोकी आणि एक शटर

किड्याचा फोटो आला नाही. हे आधीच सांगून टाकलं, कारण माझ्या पोटात काही राहत नाही. आता हे वाक्य मी लिहिलंच नाही असं धरून चालू. गुरुवारची दुपार आहे, तीन वाजायला पाच मिनिटं कमी आहेत, किडा झकास आहे, आणि मी तळघरातल्या मायक्रोस्कोपच्या खोलीबाहेर येरझाऱ्या घालतोय.

येरझाऱ्या ही माझी मूळ अवस्था. लहानपणी आई कुकर चढवला की मला घराबाहेर काढायची, कारण शिट्टी व्हायच्या आत मी झाकणाला हात घालायचो. शेजारच्या काकू मला अजूनही 'झाकण' म्हणतात, आणि त्यात प्रेम किती नि अपमान किती हे मी विचारलेलं नाही. अशा माणसाने पाच वर्षांपूर्वी चपट्या किड्यांवर पीएच.डी. करायला घेतली, हा त्या किड्यांवर झालेला अन्यायच.

हा किडा पाण्यात राहतो, नखाएवढा असतो, आणि कापला तरी मरत नाही. डोक्याकडचा तुकडा स्वतःला शेपूट काढतो, शेपटीकडचा स्वतःला डोकं काढतो, आणि मधला दोन्ही काढतो. त्याला आठ-दहा दिवस लागतात. त्या आठ-दहा दिवसांत बघणाऱ्याने काही करायचं नसतं. मी दर तासाला बशीवरची काच उचलून बघायचो. पाच वर्षांत मी तीनशे चाळीस किडे कापले, आणि त्यांतल्या एकाच्या मधल्या तुकड्याला दोन्ही टोकांना डोकं आलं. शेपूट नाहीच. असं का झालं, मी त्या दिवशी काय वेगळं केलं, हे कुणालाच माहीत नाही. नोंदवहीत त्या तारखेला माझ्या अक्षरात एवढंच लिहिलंय : 'नेहमीप्रमाणे कापले.'

तो किडा तीन आठवडे बशीत एकाच जागी होता. म्हणजे थांबलेला नव्हता. दोन्ही बाजूंना एकाच वेळी निघालेला होता. त्याच्याकडे बघून मला पहिल्यांदा आपलं कुणीतरी भेटल्यासारखं वाटलं.

"प्रश्न एकच आहे," आमच्या मॅडम म्हणाल्या. मॅडम म्हणजे माझ्या मार्गदर्शक. "दोन्ही डोक्यांच्या नसा मध्ये एकमेकींना भेटतात का? भेटत असतील तर हा दोन डोक्यांचा एक प्राणी आहे, आणि तुझं चौथं प्रकरण झालं."

"आणि नसतील भेटत तर?"

"तर ते दोन किडे पाठीमागून चिकटलेत, आणि तू पाच वर्षं गळाला लावायचं आमिष कापत होतास."

प्रबंध द्यायची शेवटची तारीख पुढचा सोमवार. मुदतवाढ दोनदा घेऊन झालेली. चौथं प्रकरण म्हणजे तो एक फोटो. तेव्हा किड्याला रीतसर निरोप दिला आणि त्याच्या नसांना तो रंग लावला, जो एरवी दिसत नाही. निळा प्रकाश टाकला की तो हिरवा चमकतो, बाकी सगळं काळं. अंधाऱ्या गावात फक्त रस्त्यावरचे दिवे लागावेत तसं. फक्त एक भानगड आहे. हा रंग जितका वेळ चमकतो तितका झिजतो. बघून बघून तो संपतो. लोक दृष्ट लागली म्हणतात, ती आमच्याकडे सेकंदांत मोजता येते.

तो लवकर झिजू नये म्हणून एक द्रव्य मिळतं. त्याची बाटली शुक्रवारी येणार होती. "शुक्रवारपर्यंत थांब," मॅडम बुधवारी म्हणाल्या. "थांबतो," मी म्हणालो, आणि त्यांची पाठ वळताच किडा साध्या ग्लिसरीनमध्ये बसवून वर पातळ काच ठेवली.

तर गुरुवार, तीन.

मायक्रोस्कोपची खोली एक बाई सांभाळतात. एकोणीस वर्षं. खोलीला खिडकी नाही, दाराच्या आत काळा पडदा आहे, आणि बाईंना मागे सगळे शटरबाई म्हणतात. त्यांना हे ठाऊक आहे, कारण हे नाव त्यांनी स्वतःच्या चहाच्या मगवर स्वतःच रंगवून घेतलंय. शटर म्हणजे दिवा आणि स्लाइड यांच्यामधली छोटी पट्टी. ती उघडी असली की प्रकाश किड्यावर, पाडली की किडा अंधारात सुरक्षित. बघायचं, लगेच शटर पाडायचं, मग निवांत कॅमेरा लावायचा, आणि फोटोपुरतं क्षणभर उघडायचं. 'शटर पाड' हे वाक्य बाईंनी विद्यार्थ्यांना, संचालकांना आणि एकदा स्वतःच्या विहिणीला सुद्धा ऐकवलंय, जी नुसती खोली बघायला आली होती.

त्यांचा दुसरा नियम असा, की स्लाइड ज्याची, शब्द त्याचा. कधीतरी त्यांनी चांगल्या मनाने कुणाची तरी स्लाइड जरा सरकवली आणि त्याने लेखी तक्रार केली. तेव्हापासून मालक म्हणेल ते, मालक म्हणेल तेव्हा.

"आलास? बस. पाय हलवू नकोस, टेबल हलतं."

"मी कुठे हलवतोय?"

"टेबलाला विचारू?"

मी पाय पायावर टाकून बसलो. मग वरचा पाय हलायला लागला. बाईंनी स्लाइड लावली, दिवा पाव शक्तीवर ठेवला, शटर उघडलं आणि स्टूल माझ्याकडे सरकवलं. मी डोळा लावला.

काय सांगू. दोन्ही टोकांना हिरव्यागार नसांची एकेक गुंडाळी, आणि दोन्हीकडून निघालेले धागे बारीक होत, आणखी बारीक होत, मध्याकडे आलेले. आणि मध्ये, अगदी मध्ये, एक धागा डावीकडून उजवीकडे सलग गेलेला. मी सहा-सात सेकंद बघितलं. पाच वर्षांत पहिल्यांदा माझा पाय थांबला, हे मला बाईंनी नंतर सांगितलं.

"बघा," मी उठलो.

बाईंनी बघितलं. "हं."

"हं काय?"

"रंग छान बसलाय."

"जोडलेत ना?"

"कॅमेरा सांगेल. मी शटर पाडते, तू फाइलला नाव दे."

नेमका तेव्हा माझ्या कानात बाबांचा फोन आला. फोन आत आणायला बंदी आहे, म्हणून तो खिशात होता, आणि कानात ते बिनवायरचं बटण, केसांखाली. नियम मोडतोय हे दिसू नये एवढी लाज मला आहे, म्हणून मी पडद्याकडे तोंड केलं आणि कानाला बोट लावलं.

बाबांचं चष्म्याचं दुकान आहे. त्या दुकानाचं शटर सकाळपासून अर्ध्यावर अडकलेलं. आतली स्प्रिंग गेली होती. खाली ओढलं तर पुन्हा वर येईल याची खात्री नाही, आणि आत डोळ्यांत औषध घातलेलं एक गिऱ्हाईक बसलेलं.

"शटर पाडू का?" बाबांनी विचारलं.

इथे एक घरगुती गोष्ट सांगायला हवी. आमच्या घरात बाबांना अहो-जाहो आहे. आईला 'अगं', आजीलाही 'अगं', बाबांना 'अहो'. बाईंनाही अर्थातच 'अहो'. पुढचं सगळं त्या एका 'अहो'ने केलं.

"नका पाडू," मी म्हणालो. "उघडंच राहू द्या."

माझ्या मागे बाईंचा हात खटक्यावरच थांबला असणार.

"किती वेळ?" बाबा.

"मी सांगेपर्यंत."

"कुरकुर वाजतंय रे."

"मग थोडं तेल घाला."

मागे बाटलीचं बूच निघाल्याचा आवाज आला. तो मी ऐकला, हे मान्य करतो. मोठ्या भिंगाखाली बघायचं असेल तर स्लाइडवर तेलाचा थेंब टाकतात. पण मला वाटलं, बाई आपलं काहीतरी करतायत.

"घातलं," बाबा म्हणाले. "फरक नाही."

"जरा जोर वाढवा ना."

मागे दिवा पाव शक्तीवरून पूर्ण शक्तीवर गेला. त्याला आवाज नसतो.

"आता हात लावू नका," मी म्हणालो. "तसंच ठेवा, मी बघतो."

मग बाबांनी ते शटर कुणी बसवलं होतं, तो माणूस तेव्हाही कसा घाईत होता, आणि गिऱ्हाईक दहा मिनिटं अंधूक नजरेने आमचं जुनं कॅलेंडर कसं वाचतंय, हे सांगितलं. मी हं हं करत होतो. फोन अकरा मिनिटं चालला. तो ठेवून मी हात चोळत वळलो.

"चला, घेऊ या फोटो."

बाई स्टुलावर हाताची घडी घालून बसल्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर खालून निळा उजेड पडला होता.

"आता पाडू?"

"काय?"

"शटर."

"अजून पाडलं नाहीत?"

"तूच म्हणालास, मी सांगेपर्यंत उघडं. तेल म्हणालास, तेल घातलं. जोर म्हणालास, दिवा वाढवला. मला वाटलं काहीतरी नवीन पद्धत असेल. स्लाइड तुझी."

"ते मी बाबांना सांगत होतो."

"कुठेत बाबा?"

"दुकानात."

तरीही बाईंनी एकदा खोलीभर बघून घेतलं. मग माझ्या कानाकडे त्यांचं लक्ष गेलं. मी ते बटण काढून हातात घेतलं, जसं काही त्यानेच केलंय.

"वडिलांना अहो म्हणतोस?" बाई म्हणाल्या.

"हो."

"हल्ली कोण म्हणतं. माझा मुलगा मला 'ए' म्हणतो, ते पण गाडीची किल्ली हरवली की."

त्यांनी शटर पाडलं, कॅमेरा लावला, उघडलं, फोटो घेतला. काळा. वेळ वाढवून घेतला. काळा. आणखी वाढवून घेतला, तेव्हा पडद्यावर करड्या मुंग्या-मुंग्या दिसायला लागल्या, सिग्नल गेलेल्या टीव्हीसारख्या. किडा होता तिथेच होता, फक्त त्याच्यातले दिवे गेले होते.

"पण आपण बघितलं ना," मी म्हणालो. "दोघांनी. सलग होता धागा."

बाईंनी आधी काळा फोटो बंद केला, मग कॅमेरा काढून ठेवला. एवढा वेळ मला आवडत नाही.

"मध्ये फट होती रे."

"फट?"

"केसाएवढी. डावीकडून आलेला धागा तिथे थांबत होता, उजवीकडचा अलीकडे थांबत होता."

"मला सलग दिसला."

"मग असेल. तू आधी बघितलंस, मी नंतर. तोवर मधला बारीक भाग झिजलाही असेल. बारीक असतं ते आधी जातं." त्यांनी दिवा बंद केला. "नाहीतर तुला हवं ते दिसलं असेल. एकोणीस वर्षांत ते पण खूप बघितलंय मी, आणि त्याला मात्र कुठलाच रंग लावावा लागत नाही."

मी खोलीत गोल फिरायला लागलो. खोली लहान आहे, तीन पावलांत गोल पूर्ण होतो.

"बस खाली," बाई म्हणाल्या. "किडा गेलेला नाही, रंग गेलाय. पुन्हा लावता येतो. वरचं तेल पूस, स्लाइड पाण्यात उभी ठेव. उद्या सकाळपर्यंत काच आपोआप सुटेल. उद्याच तुझी ती बाटली येईल, रविवारी फोटो. मी रविवारी येते. पण काच ढकलायची नाही. ऐकतोयस ना?"

"ऐकतोय."

"आपोआप."

"हो बाई, आपोआप."

ही वेळ निभावण्यासारखी होती. कुणीही निभावली असती. वर प्रयोगशाळेत जाऊन मी स्लाइड पाण्यात उभी केली आणि तिच्यापासून लांब गेलो. जिने चढलो, उतरलो. पाण्याच्या पिंपाजवळ जाऊन तहान नसताना तीन पेले पाणी प्यायलो. नोंदवही उघडून 'नेहमीप्रमाणे' या शब्दाकडे बघत बसलो. परत आलो तर चाळीस मिनिटं झाली होती, जो माझा आजवरचा विक्रम आहे. काचेचा एक कोपरा मला जरा सुटल्यासारखा वाटला. तो सुटलाय का एवढंच बघायचं होतं. मी नखाने अगदी हलकं टेकवलं.

काच सरकली. अर्धा किडा काचेबरोबर गेला, अर्धा स्लाइडवर राहिला. तुटला तो नेमका मध्ये, बोटभर लांबच्या किड्यात तो मध्य मलाही एरवी सापडला नसता. आता दोन्ही डोक्यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता, आणि हे कुणालाही नुसत्या डोळ्यांनी दिसत होतं.

बोटभर म्हणालो, तो नखाएवढाच होता. दुःखात माप वाढतं.

मी बाबांच्या दुकानात गेलो, कारण तिथे जायचं कबूल केलं होतं. शटर अजून अर्ध्यावर होतं, मी वाकून आत शिरलो. गिऱ्हाईक भिंतीला हात लावत घरी गेलं होतं. मी बाबांना सगळं सांगितलं, त्यांच्या फोनचा भाग सोडून. मग तोही सांगितला, कारण पोटात राहत नाही.

बाबा शांतपणे म्हणाले, "डोळे कधी तपासलेस शेवटचे?"

"बाबा, विषय किड्याचा आहे."

"तुझं नि तुझ्या बाईंचं जुळत का नाही? एकाला सलग दिसतं, एकाला फट. हा किड्याचा विषय नाही, हा माझा विषय आहे. बस."

मी खुर्चीत बसलो. अक्षरांचा तक्ता मला लहानपणापासून पाठ आहे, म्हणून बाबांनी तो उलटा टांगला. मग एक डोळा झाकून, भिंगं बदलत, "हे बरं की हे?" असं त्यांनी इतक्या वेळा विचारलं की मला दोन्ही बरी वाटायला लागली.

"डाव्याला पाऊण तिरका नंबर आलाय," ते म्हणाले. "कोणत्या डोळ्याने बघितलंस?"

दोन्ही डोळ्यांनी बघायची तिथे सोय आहे. पण घाईत मी एकच लावतो. "डाव्या."

"हं."

सगळेच मला त्या दिवशी 'हं' म्हणत होते.

"पण बाबा, मायक्रोस्कोपचा स्क्रू फिरवून नंबर जातो."

"साधा जातो. तिरका नाही जात. तिरक्यात टिंब असतं ते एका बाजूला ओढल्यासारखं दिसतं. दोन टोकं जवळ असतील तर मधली फट भरून निघते."

"म्हणजे जोडलेलं नव्हतं."

"मी असं कुठे म्हणालो? मी चष्मेवाला, मला किड्यातलं काय कळतं. असेलही जोडलेलं. तुझ्या डाव्या डोळ्याला जोडलेलं आणि न जोडलेलं सारखंच दिसतं, एवढंच म्हणतो." त्यांनी भिंगं डबीत ठेवली. "फ्रेम कुठली देऊ?"

शुक्रवारी मी मॅडमपुढे उभा राहिलो. टेबलावर ती नवी बाटली आलेली होती, सीलबंद. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. त्या ओरडतील म्हणून मी तयारी केली होती, त्या ओरडल्या नाहीत, त्यामुळे ती तयारी वाया गेली.

"फोटो नाही," त्या म्हणाल्या. "पण तू बघितलंस. सलग होता?"

इथे 'होता' म्हणालो असतो तर भागलं असतं. मॅडमनी पेन उघडलं होतं. 'प्रत्यक्ष निरीक्षणात नसा सलग असल्याचे दिसून आले' असं एक वाक्य, खाली माझी सही, काळा फोटो तांत्रिक अडचणीत जमा, आणि सोमवारी प्रबंध दाखल. परीक्षकांनी खोदून विचारलं असतं, पण वाक्य उभं राहिलं असतं. बाईंना कुणी विचारणार नव्हतं. माझ्या डाव्या डोळ्याला तर नाहीच.

"मॅडम, दिसला होता," मी म्हणालो. "होता का, ते माहीत नाही."

"दोन्हींत फरक काय?"

"पाऊण नंबरचा."

मी बाबांनी लिहून दिलेली चिठ्ठी पुढे ठेवली आणि बाईंना फट दिसल्याचं सांगितलं. मॅडमनी पेनाला टोपण लावलं.

"मग हे प्रकरण काढावं लागेल."

"काढलं तर प्रबंधच उरत नाही."

"नाही उरत." त्यांनी चिठ्ठी परत दिली. "मुदतवाढीचा अर्ज कर. तिसरी मुदतवाढ कुणाला मिळाल्याचं माझ्या ऐकिवात नाही. पण तिसऱ्यांदा अर्ज करायची हिंमत केल्याचंही नाही. खरं काय ते लिही, आणि सही करायच्या आधी एकदा नवीन चष्म्यातून वाच."

मी तिथेच, उभ्या उभ्या, लिहिला.

प्रति,
मा. प्रमुख, प्रबंध स्वीकृती कक्ष.

विषय : दोन डोक्यांच्या किड्याबाबत मुदतवाढ मिळणेबाबत.

महोदय,

वरील विषयास अनुसरून सादर करण्यात येते की, सदर किड्याच्या दोन्ही डोक्यांच्या नसा मध्यभागी सलग असल्याचे अर्जदारास गुरुवारी दुपारी सुमारे सात सेकंद दिसले. त्यानंतर मायक्रोस्कोप कक्षाच्या प्रभारी बाईंना त्याच ठिकाणी केसाएवढी फट दिसली. दोन्ही निरीक्षणे खरी असून परस्परविरोधी आहेत. पुराव्यादाखल एक काळे छायाचित्र, किड्याचे दोन अर्धे भाग आणि अर्जदाराच्या डाव्या डोळ्याचा तपासणी अहवाल सोबत जोडला आहे. अर्जदाराचा डावा डोळा मूळ प्रत असल्याने जोडलेला नाही, तथापि कार्यालयीन वेळेत पडताळणीसाठी उपलब्ध आहे.

तरी मा. परीक्षक महोदय सदर गुरुवारी सदर खोलीत व्यक्तिशः उपस्थित होते असे मागील तारखेने ग्राह्य धरून, त्यांना जे दिसले असते ते कळविण्याची कृपा व्हावी. ते शक्य नसल्यास, दुसऱ्या एखाद्या किड्यास दोन्ही टोकांना स्वेच्छेने डोके फुटेपर्यंत, व तदनंतर काच आपोआप सुटेपर्यंत अर्जदार शांत बसू शकेल इतकी, मुदतवाढ मंजूर करण्यात यावी, ही विनंती.